डाव्या वॉर्डाची आवडती मालिका

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो व्हीलचेअरवर बसला होता. मांडीवर एक भलंमोठं खोकं होतं आणि तो जिवाच्या आकांताने सांगत होता, "अहो, मी पेशंट नाहीये!"

हाडांच्या दवाखान्यात हे वाक्य कुणी मनावर घेत नाही. तिथे येणारा प्रत्येक जण सुरुवातीला हेच म्हणतो.

"असं सगळेच म्हणतात, बाळा," व्हीलचेअर ढकलणाऱ्या मावशी म्हणाल्या आणि त्यांनी वेग वाढवला.

झालं होतं ते असं. फाटकापाशी तीन पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर खोकं हातातून निसटलं आणि कोपऱ्यावर आपटलं. कोपऱ्याखाली त्याच्या पायाचा अंगठा होता. तो एकदाच ओरडला. दुसरीकडे कुठे असतं तर लोकांनी "लागलं का हो?" विचारून सोडून दिलं असतं. इथे दोघांनी त्याला धरलं, तिसऱ्याने बूट काढला, आणि चौथ्याने फॉर्म भरून त्याला "आधी कधी काही मोडलंय का?" असं विचारलंसुद्धा.

तेवढ्यात समोरून ती आली. खांद्यावर वायरचं वेटोळं, अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. त्याच्याकडे तिने पाहिलंच नाही. पाहिलं ते खोक्याकडे.

"हे खोकं कुठे घेऊन चाललात?"

"एक्स-रेला," मावशी म्हणाल्या.

"खोक्याचा एक्स-रे?"

"माझ्या अंगठ्याचा," तो कसनुसा हसत म्हणाला. "खोकं तुमच्यासाठी आहे. म्हणजे... वायरताई म्हणतात त्या तुम्हीच ना?"

अंगठ्याला केसाएवढी चीर निघाली. खोक्यातल्या पेटीवर मात्र साधा ओरखडासुद्धा नव्हता. दोघांत दणकट कोण, हे वायरताईला पहिल्याच दिवशी कळलं.

आता पेटी कसली, ते सांगायला हवं. दवाखान्यात सत्तर खाटा, पस्तीस डाव्या वॉर्डात आणि पस्तीस उजव्या. प्रत्येक खाटेसमोर एक छोटा टीव्ही. प्लास्टरमध्ये सहा-सहा आठवडे पडून राहिलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी उरतात, टीव्ही आणि खाज. खाजेवर इलाज नव्हता, म्हणून टीव्हीवर सगळ्यांचा जीव.

चार वर्षांपूर्वी वायरताईने एक्स-रे विभागाने टाकून दिलेले दोन कॉम्प्युटर उचलले, त्यांत चार कार्डं बसवली आणि एक सर्व्हर उभा केला. गच्चीवरच्या डिशमधून येणारे चॅनेल तो पकडायचा आणि नेटवर्कवरून सत्तर खाटांना वाटायचा. कुणी शिकवलं नव्हतं. रात्रीचा दिवस करून, पुस्तकं चाळून, तीनदा शॉक खाऊन तिने तो बनवला होता. त्याच्या पंख्याच्या आवाजावरून तिला त्याचा मूड कळायचा.

पण गेल्या महिन्यात त्याने दगा दिला. मॅचचा शेवटचा चेंडू, गोलंदाज धावत निघाला, आणि चित्र तिथेच चाळीस सेकंद गोठलं. दोन्ही पाय वजनांना टांगलेले एक आजोबा त्या चाळीस सेकंदांत खाटेवरून उतरायला निघाले. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "बाजारात तयार पेटी मिळते म्हणे. एका बाजूने डिशची वायर घाला, दुसऱ्या बाजूने चॅनेल बाहेर. मागवा!"

वायरताई चिडली, भांडली. शेवटी असं ठरलं की दोन आठवडे डाव्या वॉर्डात पेटी चालेल आणि उजव्यात सर्व्हर. मग पेशंटांकडून फॉर्म भरून घ्यायचे. जो जिंकेल तो राहील, हरेल तो भंगारात जाईल.

आणि पेटी बसवायला आलेला हा माणूस एका पायात प्लास्टरची चप्पल आणि काखेत कुबडी घेऊन तिच्या खोलीत दोन आठवडे मुक्कामाला आला.

"तुमचा डबा कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"डबा नाही, पेटी."

"आत काय आहे?"

"ते आम्हालाही उघडून बघायची परवानगी नाही."

"मग डबाच."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. तिने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"इथे सगळे मला वायरताई म्हणतात. तुम्हीही म्हणा."

"सगळ्यांना म्हणू दे," तो पेटीची पट्टी सोडवत म्हणाला. "मी ताई नाही म्हणणार."

"का?"

"असंच... पुढे अडचण नको."

वायरताईने घाईघाईने एक स्क्रू घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

तिची खोली पूर्वी प्लास्टरच्या पोत्यांचं कोठार होती. पोती गेली होती, पावडर राहिली होती. पंखा सुरू झाला की पांढरा ढग उठायचा, तो शिंकायचा, कुबडी पडायची, आणि ती उचलायला दोघं एकदम वाकले की डोकी आपटायची. हे पहिल्या दिवशी तीनदा झालं. तिसऱ्यांदा ते दोघं नक्की कुबडीसाठीच वाकले होते का, ह्याबद्दल पुढे डाव्या वॉर्डात बराच वाद झाला. पण ते नंतर.

चित्र किती उशिरा पोचतं ते मोजायची तिची स्वतःची एक पद्धत होती. कामाच्या टेबलावरच्या भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ, आणि समोर रोखलेला एक बारका कॅमेरा, त्याला आवाज नाही, फक्त चित्र. कॅमेऱ्याचं चित्र मशीनमधून फिरवून टीव्हीवर बघायचं आणि खऱ्या घड्याळाशी ताडायचं. तिच्या सर्व्हरवर हा चाचणीचा चॅनेल नऊशे नव्याण्णव नंबरला दडवलेला होता. पेटीलाही तिने कॅमेऱ्याची एक वायर जोडून दिली.

"आता नंबर द्यायला हवेत," ती म्हणाली.

"काही करायला नको. आमची पेटी हुशार आहे. सगळं आपलं आपण शोधते, आपण लावते."

हे वाक्य त्याने पुढे आयुष्यभर कुणासमोर उच्चारलं नाही.

दिवस मजेत जायला लागले. सकाळी तो लंगडत यायचा, दोन कप चहा आणायचा, त्यातला दीड पोचायचा. दोघं दोन स्टुलांवर घड्याळाखाली बसून आकडे लिहायचे. मधूनच डाव्या वॉर्डातून गमतीचे आवाज यायचे. एकदा तो स्टुलावरून घसरला, तर तिकडे हशा पिकला.

"विनोदी कार्यक्रम लागला असेल," तो कपडे झटकत म्हणाला.

"सकाळी अकराला?"

"आमच्या पेटीवर कधीही लागतो."

सर्व्हर मात्र नखरे करत होता. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी उजव्या वॉर्डातून सिस्टरचा फोन यायचा, "ताई, अडकलं!" की ती हातातला कप ठेवून धावायची. चाळीस सेकंदांत चित्र सुरू.

"आणि तुम्ही रजेवर असता तेव्हा?" एकदा त्याने विचारलं.

"मी रजेवर नसतेच."

"चार वर्षांत?"

"मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते. पहिल्या घासाला फोन आला. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे गेले, तर अर्धाच दात काढून परत आले. उरलेला अर्धा पुढच्या महिन्यात." ती अभिमानाने हसली.

तो नाही हसला.

"एक सांगू? तुमचा सर्व्हर झकास आहे. मी इतक्या ठिकाणी फिरलो, एकट्या माणसाने हाताने बांधलेलं असं काम पाहिलं नाही. फक्त त्यात एक भाग असा आहे की त्याला पर्यायच नाही. आणि तो भाग दमलाय."

"कुठला? तिसरं कार्ड ना? मला वाटलंच..."

"नाही... तुम्ही."

वायरताईच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"डबा खपवायला बरं बोलता हो," ती म्हणाली आणि तिने स्टूल फिरवलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ती बोलली नाही. तो चहा आणून ठेवायचा, चहा गार व्हायचा. दोघं एकमेकांना पाठ करून आकडे लिहायचे. राग सगळा त्याच्यावर काढायचा तिने चंग बांधला होता, पण बुधवारी दुपारी सर्व्हर अडकला, ती धावली, आणि परत येताना जिन्यात दम लागून बसली, तेव्हा तिला एकदम कळलं की राग त्याच्या खोटं बोलण्याचा नव्हता. तो खरं बोलल्याचा होता.

गुरुवारी तिने पंखा लावला. ढग उठला, तो शिंकला, आणि वर पाहिलं तेव्हा त्याच्या भुवया पिकल्यासारख्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

"म्हातारपणी असे दिसाल," तिच्या तोंडून निघून गेलं.

"बरा दिसेन?"

"थांबा... डोळ्यात जाईल." तिने रुमाल काढला. एक भुवई पुसली, दुसरी पुसली. काम झालं, पण हात तिथेच राहिला. डोक्यावर सेकंदकाटा टकटक करत होता. एक... दोन... तीन...

डाव्या वॉर्डातून "आऽऽऽ" असा एकमुखी आवाज आला.

"मॅच असेल," तो हळूच म्हणाला.

"हं... असेल," ती म्हणाली. आज कुठली मॅच नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं, पण ते मान्य केलं तर हात खाली घ्यावा लागला असता.

"मी विकायला म्हणून नव्हतो बोललो त्या दिवशी."

"माहितीये. उद्या निकाल. सोमवारी काय होणार तुमचं? ऑर्डर नाही मिळाली तर?"

"लांबच्या शाखेत बदली. गाडीने दोन दिवसांचा प्रवास. साहेबांनी सांगून ठेवलंय." तो हसला, पण डोळा बारीक झाला नाही. "तुम्ही काळजी करू नका. तुमचा सर्व्हर जिंकू दे."

ती रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सर्व्हर जिंकला तर हा जाणार. हा जिंकला तर सर्व्हर भंगारात. देवाने दोन हात दिलेत, आणि दोन्हींत एकेक गोष्ट दिली की म्हणतो, आता एक टाक.

शुक्रवारी फॉर्म आले. उजव्या वॉर्डाचे साधेच, "ठीक आहे", "मधेच थांबतो", "ताई लगेच येतात". मग तिने डाव्या वॉर्डाचा गठ्ठा उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'चित्र थांबतं का?' उत्तर, 'नाही. पण नायक फार लाजाळू आहे, त्याने जरा पुढे सरकायला हवं.' हे काय?"

"कुठल्यातरी मालिकेबद्दल असेल."

"'चॅनेल नंबर एक सर्वोत्तम. मंगळवार-बुधवारचे भाग मात्र रडके होते.' ... 'आवाज येत नाही, पण आम्ही आमचे संवाद घालतो, जास्त मजा येते.' ... 'नायिकेने अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढावा.'"

वायरताईचा हात अंबाड्याकडे गेला.

"एक नंबरला काय लागतं तुमच्या पेटीवर?"

"बातम्या... असाव्यात..." त्याचा चेहरा पावडरीशिवायच पांढरा झाला होता. "पेटी आपलं आपण शोधते. जे पहिल्यांदा सापडेल त्याला... एक नंबर देते."

"आणि टीव्ही चालू केला की कुठला नंबर लागतो?"

"एक."

दोघांनी अगदी सावकाश माना वर केल्या आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

डाव्या वॉर्डात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी प्लास्टरचा पाय खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटून ताल धरला. वायरताईने झडप घालून कॅमेऱ्याची वायर उपटली, तर तिकडून पस्तीस जणांनी असा आरडाओरडा केला की मेट्रनबाई धावत गेल्या. आणि ओरडणाऱ्यांत मेट्रनबाईंचाही आवाज होता, असं नंतर कळलं.

डाव्या वॉर्डात नवव्या खाटेवर वायरताईची आत्या होती. वायरताईला लहानाची मोठी केली ती ह्या आत्यानेच. महिन्यापूर्वी मुरंब्याची बरणी काढताना स्टुलावरून पडून कंबर मोडून घेतली होती, बरणी मात्र छातीशी धरून वाचवली होती. वायरताई तरातरा तिच्याकडे गेली.

"आत्या! दोन आठवडे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आत्या शांतपणे म्हणाली. "मीच सगळ्यांना दम दिला, कुणी तोंड उघडलं तर बघा म्हणून. उजव्या वॉर्डातले सात जण खाट बदलून मागतायत."

"तुला लाज कशी नाही वाटली गं?"

"मला कशाला वाटेल? रुमाल तू काढलास." आसपासच्या चार खाटा खदखदल्या. मग आत्याने तिचा हात ओढून जवळ घेतला. "बस इथे. कार्टे, तू रोज मला भेटायला येतेस. पाच मिनिटं बसतेस, त्यातली चार फोनकडे बघतेस. तू हसताना कशी दिसतेस ते मी विसरले होते गं. चार वर्षांनी दिसलं, ते त्या टीव्हीवर. त्या पेटीच्या चुकीला मी तर हात जोडले."

वायरताईला भांडायचं होतं. पण तिने फोन खिशात टाकला आणि खाटेच्या कडेला नीट टेकली.

दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दोघं उभे राहिले. डॉक्टर खुशीत होते. "डावा वॉर्ड, पस्तीसपैकी पस्तीस पेटीच्या बाजूने! असा निकाल मी आजवर पाहिला नाही. आणा कागद, सही करतो."

वायरताईने खाली मान घातली. फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की हा इथेच राहणार होता.

"डॉक्टर, सही करू नका," तो म्हणाला.

तिने चमकून पाहिलं. कुबडीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"हे मत पेटीला नाहीये. आमच्या पेटीने न विचारता ह्यांची खोली सगळ्यांना दाखवली, आणि लोकांनी त्याला मत दिलं. पेटी चांगली आहे, पण हा निकाल खोटा आहे. तो धरू नका."

"पण तुमची ऑर्डर?"

"गेली तर गेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मग निकाल कोण देणार? ह्या दवाखान्यात ह्यातलं कळणारं एकच माणूस आहे. वायरताई, तू सांग. तू म्हणशील ते."

आता सगळं तिच्या जिभेवर होतं. सर्व्हर म्हणावं, तर चार वर्षांची मेहनत वाचते आणि कुणी बोट दाखवत नाही. पेटी म्हणावं, तर पस्तीस नाही, सत्तर जण म्हणणार, बघा, भुवया पुसल्या आणि मशीन विकत घेतलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "सर्व्हर दोन आठवड्यांत सहा वेळा अडकला, पेटी एकदाही नाही. सर्व्हरमध्ये मी मनात येईल ते बदलू शकते, पेटीला आपण हात लावू शकत नाही, हे वाईट आहे. पण सर्व्हर चालतो तो मी शेजारी असते म्हणून. उद्या मी पडले, पाय मोडला, तर सत्तर खाटा अंधारात. पेशंटांचा टीव्ही एका माणसाच्या झोपेवर चालू नये. पेटी घ्या. आपलं आपण शोधणं बंद करून घ्या, नंबर आपण देऊ. आणि कॅमेरा ज्या वायरवर होता, तिच्यावरून व्यायामाचे धडे दाखवू." ती क्षणभर थांबली. "लोक काय म्हणतील ते म्हणू देत. तसंही त्यांनी सगळं पाहिलंच आहे."

"हो, म्हणजे..." डॉक्टर खाकरले. "माझ्या खोलीतला टीव्हीही डाव्या वॉर्डाच्याच वायरवर आहे. गुरुवारचा भाग छान होता."

संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने सर्व्हर बंद केला. बटण दाबायच्या आधी त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा कोमट होता, दमल्या गुराच्या पाठीसारखा. "खूप केलंस रे बाबा," ती म्हणाली. "उपकार आहेत तुझे." पंखा हळूहळू थांबला. तो दारात उभा होता, आत आला नाही, बोलला नाही. ह्याबद्दलही तिला त्याचे आभार मानावेसे वाटले, आणि नेमकं तेव्हाच रडू आलं, म्हणून राहून गेलं.

सोमवारी सकाळी ती मेट्रनबाईंच्या टेबलाशी गेली. "मला रजा हवी आहे. एक दिवस."

मेट्रनबाईंनी तिचा हात धरून नाडी पाहिली. मग कपाटाचे तीन खण धुंडाळून एक पिवळा पडलेला रजेचा अर्ज शोधून काढला.

तो बाहेर बाकावर प्लास्टरची चप्पल हलवत बसला होता. पेटीची किल्ली आणि कागदपत्रं द्यायला आलो, असं त्याने तिघांना सांगितलं होतं, आणि तिघांपैकी एकाचाही विश्वास बसला नव्हता. ती अर्ज घेऊन त्याच्या शेजारी बसली. जरा जास्तच जवळ.

"शुक्रवारी तुम्ही गप्प बसला असता तर चाललं असतं."

"चाललं असतं," तो म्हणाला. "पण मग तुमच्या शेजारी असं बसता आलं नसतं."

ती अर्जाकडे बघत राहिली. "चार वर्षांत मला कुणी 'तू दमलीयेस' असं म्हटलं नव्हतं. मी भांडले तुमच्याशी. आभार मानायचे राहिले... मानू का आता?"

"एका अटीवर. अहो-जाहो बंद."

"बरं... ऐक." तिचे कान तापले. "हे बघ, इथे लिहिलंय, 'रजेचं कारण'. मला सवय नाही. काय लिहू?"

"काय काय करायचंय?"

"काहीच नाही. कुठेतरी जायचं. पूर्ण जेवायचं. आणि..."

"आणि?"

"आणि तू बरोबर असलास तर... बरं होईल."

त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं. 'रजेचं कारण' पुढच्या रिकाम्या जागेत एकच अक्षर लिहिलं, 'मी'. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कारण नाही, हा आगाऊपणा आहे."

"खोड मग."

तिने पेन घेतलं. खोडलं नाही. त्या 'मी'च्या खाली सही केली आणि अर्ज आत नेऊन दिला.

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून अर्ज पाहिला, खिडकीतून बाकाकडे पाहिलं, आणि शिक्का उचलला.

"एका दिवसात काय होतंय ह्याचं," त्या म्हणाल्या, पेनाने एका दिवसाचे चार केले, आणि शिक्का मारला.